गोठ्यातली सोनोग्राफी : कायदा ढिला नको, यंत्र कडक हवं

सोनोग्राफी हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? एसीची खोली, पडद्याआडचा पलंग, पोटावर थंडगार जेल, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत ती पाटी – येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. बरोबर ना? शेणाचा वास, खुंट्याला बांधलेली म्हैस आणि गमबूट घातलेले जनावरांचे डॉक्टर काही आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. ते यावेत, आणि तेसुद्धा इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या डोळ्यांसमोर यावेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

"हा विषय व्हेटर्नरीवाल्यांच्या मॅगझिनला द्यायचा ना, आमच्या डोक्याला कशाला ताप?" असं कुणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर सोपं आहे. आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये एक चक्कर मारा. ज्यांच्या घरी जमीन थोडी आणि जनावरं दोन-चार, अशी पोरं दर तिसऱ्या खोलीत सापडतील. डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं की घरून पैसे येतात, आणि ते आले की मेसचं बिल भरलं जातं. म्हणजे मित्रहो, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं इंजिनिअरिंग एखाद्या गाईच्या किंवा म्हशीच्या कासेला बांधलेलं आहे. ती वेळेवर गाभण राहिली नाही तर घरात काय होतं, हे त्यांना विचारा. केटी लागल्यावर होत नाही इतकी शांतता पसरते!

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही, साधी वजाबाकी आहे. गाय दूध देते ती व्याल्यावर. ती वर्षाला एकदा व्याली तर धंदा परवडतो. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. ३६५ मधून २८० गेले, उरले ८५. म्हणजे व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले दीड-दोन महिने गर्भाशय पूर्वपदावर यायला जातात. मग हातात किती राहिले? जेमतेम पंचवीस-तीस दिवस. माज येतो एकवीस दिवसांनी. म्हणजे संधी किती, तर एक, फार तर दोन. म्हशीचं तर आणखी अवघड. तिचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे वजाबाकीत ५५ च उरतात. म्हणून म्हशीचं वर्षाला वेत हे गणित सहसा बसतच नाही, तेरा-चौदा महिन्यांवर आलं तरी शेतकरी खूष असतो.

एवढ्या अरुंद फटीतून जायचं, आणि तेही अंदाजाने. अंदाज कसा? तर जनावर भरवलं किंवा कृत्रिम रेतन केलं की शेतकरी एकवीस दिवस मोजतो. पुन्हा माजावर आली नाही तर म्हणायचं, राहिली बहुतेक. पण माज दिसला नाही म्हणजे माज आलाच नाही असं थोडंच आहे? म्हशीत मुका माज हा नेहमीचाच प्रकार. ती ओरडत नाही, सोट टाकला तरी कुणाचं लक्ष जात नाही, पुष्कळदा रात्री माजावर येते आणि सकाळपर्यंत निवते. उन्हाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे शेतकरी "गाभण आहे" म्हणून निर्धास्त, आणि म्हैस रिकामीच!

खरी तपासणी व्हायची ती डॉक्टरांनी गुदद्वारातून हात घालून. ही फार जुनी आणि उत्तम पद्धत आहे, तिला नावं ठेवण्याचा माझा इरादा नाही. कसलेला हात दीड महिन्याच्या पुढचा गर्भ ओळखतो. पण गावाकडे डॉक्टरांना बोलावणं होतं ते बहुधा दोन-तीन महिने उलटल्यावर, कारण त्याआधी खात्रीने सांगता येईलच असं नाही आणि फेरी मात्र दोनदा पडते. तोवर जनावर रिकामं असेल, तर दोन-तीन माज हातचे गेले. या दिवसांची किंमत काढा. दिवसाला वैरण, पेंड, सरकी मिळून दोनशे रुपये खर्च धरा (तुमच्या गावचा आकडा टाका, मी उदाहरण देतोय). साठ दिवस वाया गेले तर बारा हजार. एका जनावराचे, एका वेताचे. दूध गेलं ते वेगळंच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे हे समोरच पाहिलं. डॉक्टरांनी हातमोजा काढत सांगितलं, "दाजी, म्हैस रिकामी आहे." मामा म्हणाले, "असं कसं डॉक्टर? तीन महिने झाले, एकदाबी उलटली नाही की!" डॉक्टर म्हणाले, "उलटली असंल हो, तुम्हाला दिसली नसंल." मामा काही बोलले नाहीत. पेंडीच्या पोत्याकडे मात्र एकदा बघितलं. कुणाचीच चूक नाही, आणि नुकसान मात्र पक्कं. इंजिनिअरच्या भाषेत याला म्हणतात, फीडबॅक उशिरा मिळणारी सिस्टीम. अशी सिस्टीम कितीही कष्ट केले तरी हेलकावे खाणारच, हे कंट्रोल सिस्टीम्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपण शिकलोय.

इथे सोनोग्राफी येते. गाई-म्हशीत गुदद्वारातून प्रोब आत नेऊन गर्भाशय पाहिलं तर रेतनानंतर अठ्ठावीस-तीस दिवसांत गर्भ दिसतो. जेमतेम सेंटिमीटरभर जीव, पण त्याच्या हृदयाची लुकलुक पडद्यावर दिसते. माझ्या मते मुद्दा एवढाच नाही की गाभण जनावर लवकर कळतं. गाभण असलेली गाय तुम्ही तपासा नाहीतर तपासू नका, ती व्यायचीच. खरा फायदा आहे तो *रिकामं* जनावर लवकर कळण्यात. तिसाव्या दिवशी "नाही" असं उत्तर मिळालं की चाळिसाव्या-बेचाळिसाव्या दिवशी येणाऱ्या पुढच्या माजावर लक्ष ठेवता येतं. शिवाय ती का राहिली नाही हेही बघता येतं. बीजांडकोषावर गाठ आहे का, पीतपिंड आहे का, गर्भाशयात पू साठलाय का? उपचार त्यावर ठरतो. माजावर आणण्यासाठी देतात त्यातलं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन चुकून गाभण गाईला दिलं तर गर्भच पडतो. म्हणजे आधी नीट बघणं ही चैन नाही, गरज आहे.

शेळीकडे या. तिच्यात तर हात घालून तपासायची सोयच नाही, जनावर लहान. गरिबाची गाय म्हणतो आपण तिला, पण ती गाभण आहे की नाही हे पोट दिसेपर्यंत कळत नाही. तिचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, त्यातला अर्धा असाच अंदाजात जातो. पोटावरून, कासेच्या पुढच्या बिनकेसाच्या जागेवर प्रोब टेकवला तर महिना-सव्वा महिन्यात कळतं. दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान करडं एक की दोन की तीन, हेही बऱ्यापैकी सांगता येतं. आपल्या उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नेहमीचंच. पोटात दोन-तीन असतील आणि खुराक एकाचाच मिळाला, तर शेवटच्या महिन्यात शेळी बसते, कधी जीवही जातो. ब्रिटनमधले मेंढपाळ हे काम दरवर्षी करतात. कळप एका अरुंद वाटेतून सोडायचा, एकेक मेंढी तपासायची, एक कोकरूवाली, दोनवाली आणि तीनवाली यांना वेगवेगळ्या रंगाच्या खुणा करायच्या, आणि खुराक त्याप्रमाणे द्यायचा. यात रॉकेट सायन्स काय आहे सांगा?

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ. हे यंत्र डॉक्टरांनी एकट्यांनी बनवलं नाही, त्यात इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. मेकॅनिकलवाले अल्ट्रासॉनिक टेस्टिंग शिकतात ना, वेल्डिंगमधली चीर शोधायला? ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात धातूतली चीर शोधणारं तसलंच यंत्र माणसाच्या पोटावर वापरून पाहिलं. टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर त्यांच्या मदतीला आला आणि दोघांनी मिळून रुग्णासाठी यंत्र उभं केलं. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला, त्यात डॉ. मॅकव्हिकर आणि डोनाल्ड यांच्याबरोबर ब्राऊनचंही नाव आहे. जनावरांकडे हे तंत्र १९८० च्या सुमारास जोरात वळलं. फ्रान्समध्ये पामर आणि ड्रियानकूर यांनी घोडीच्या गर्भाशयाची गुदद्वारातून सोनोग्राफी करून १९८० साली निबंध लिहिला, आणि मग काही वर्षांत गाईवरही हे सुरू झालं.

गुदद्वारातूनच का, पोटावरून का नाही? सोपं आहे. गाईच्या पोटाच्या डाव्या बाजूला भलंमोठं रवंथाचं पोट, त्यात गॅस. गॅसमधून अल्ट्रासाउंड जात नाही. दुसरं म्हणजे अंतर. मऊ मांसातून जाताना हा आवाज दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल कमी होतो. पाच मेगाहर्ट्झने दहा सेंटिमीटर खोल बघायचं, तर जाऊन-येऊन वीस सेंटिमीटर, म्हणजे ५० डेसिबल गेले. एक लाखातला एक भाग परत आला! तेच पाच सेंटिमीटरवरून बघितलं तर २५ डेसिबल, तीनशेतला एक भाग. बरं, फ्रिक्वेन्सी कमी करावी तर बारीक दिसत नाही. १५४० मीटर प्रतिसेकंद भागिले पन्नास लाख, म्हणजे पाच मेगाहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. सेंटिमीटरभर गर्भ बघायला ती बरी पडते. म्हणून जवळ जायचं आणि फ्रिक्वेन्सी चढी ठेवायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना हे वाचून तोंडाला पाणी सुटायला हरकत नाही.

मग प्रश्न असा, की एवढं सगळं असून आपल्या गोठ्यात हे यंत्र का दिसत नाही? विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ साली देशात गाई-बैल १९.२५ कोटी, म्हशी १०.९८ कोटी आणि शेळ्या १४.८९ कोटी होत्या. गरज नाही असं कोण म्हणेल? परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत हे विषय शिकवले जातात. ज्ञान आहे. दारात सेवा नेण्याची परंपराही आपल्याकडे आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बाएफ ही संस्था कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात घेऊन गेली. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन मोटारसायकलला लटकवून चिखलातून जाता येतं, तर प्रोब का नाही जाणार?

कारणं तीन. पहिलं, किंमत. चांगलं यंत्र लाखांच्या घरात जातं. दुसरं, शिकलेला हात आणि डोळा. पडद्यावरची काळी-करडी ठिपकेदार चित्रं वाचायला सराव लागतो. आणि तिसरं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं ते म्हणजे कायदा.

महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सगळ्यात आधी, गर्भलिंग निदानावर बंधनं आणणारा कायदा केला. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला, २००३ पासून तो आणखी कडक झाला. त्यातली गोम अशी की विक्रीवरचं बंधन *यंत्र कुणासाठी आहे* हे बघत नाही, *यंत्र काय करू शकतं* हे बघतं. गर्भाचं लिंग कळू शकेल असं यंत्र कायद्याखाली नोंदणी नसलेल्या कुणालाही विकायचं नाही. २०१२ च्या नियमाने तर हातात घेऊन फिरण्याजोग्या यंत्रावर आणखी घट्ट लगाम घातला. ते नोंदणी झालेल्या जागेतच, तिथल्या दाखल रुग्णांसाठी वापरायचं, नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. हे लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर गोठा नव्हता, हे उघड आहे. पण प्रोबला काय कळतं, समोर म्हैस आहे की बाई? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं पशुवैद्यकाचं यंत्रही याच जाळ्यात आलं. आणि गोठ्याचं यंत्र तर हातात घेऊन फिरण्याजोगंच हवं! म्हैस थोडीच दवाखान्यात दाखल होणार?

यावर सहज सुचणारं उत्तर असं, की "जनावरांच्या यंत्रांना कायद्यातून वगळा." ऐकायला अगदी रास्त वाटतं. माझं स्पष्ट मत आहे, की हे होता कामा नये.

का? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ झाल्या. कायदा असताना ही गत! ज्या समाजात पाटी भिंतीवर आणि सौदा आतल्या खोलीत झाला, तिथे "हे यंत्र म्हशीसाठी आहे" असं लिहिलेला खोका किती दिवस म्हशीसाठी राहील? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आपण तर दुधानेच पोळलोय. गोठ्यासाठी उघडलेल्या मागच्या दारातून पुन्हा तेच सुरू झालं, तर त्यात वाचलेल्या बारा हजारांचा हिशोब कुणाला देणार?

आणि गंमत बघा (गंमत कसली, लाज म्हणा). गोठ्यात आपल्याला कालवड हवी असते, वगार हवी असते. म्हशीला रेडकू झालं की तोंड पाडून बसतो. तोच माणूस चार पावलं चालून घरात आला की त्याला मुलगा हवा असतो. उंबरठा एकच, मोजमाप उलटं! गोठ्यातल्या मादीची किंमत कळते कारण ती दूध देते. घरातल्या मुलीची किंमत कळायला कायदा करावा लागतो. जोवर हे असं आहे, तोवर कायदा ढिला करा असं म्हणायचा कुणाचा अधिकार मला दिसत नाही.

मग काय, शेतकऱ्याने अंदाजावरच जगायचं? तेही नाही. कायदा तसाच ठेवून *यंत्र कडक करता येईल का* हा प्रश्न आपला आहे. वकिलांचा नाही, डॉक्टरांचा नाही, इंजिनिअरचा.

याला आपल्या राज्यातच एक धडा आहे. २०१० साली कोल्हापूर जिल्ह्यात प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायला लावलं. केलेल्या प्रत्येक तपासणीची चित्रं ते साठवून ठेवायचं. डॉक्टरांच्या संघटनेने कोर्टात आव्हान दिलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. माणसांच्या यंत्राला चौकीदार बसवता येतो, तर जनावरांच्या यंत्रात तो जन्मापासूनच का असू नये? नंतर चिकटवलेला नाही, सर्किटमध्येच घातलेला.

माझ्या डोक्यात असलेलं चित्र असं. जनावरांच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, तुम्ही पाहिला असेल. यंत्र सुरूच व्हायचं ते त्या बिल्ल्याचा बारकोड वाचून. वापरणारा नोंदणीकृत पशुवैद्यक आहे याची खूण पटल्यावर. प्रत्येक तपासणीबरोबर वेळ, जागा, बिल्ल्याचा नंबर आणि चित्र आत नोंदलं जाईल. ते पुसता येणार नाही, बदललं तर लगेच कळेल. नोंद वेळेवर वर पाठवली नाही तर ठराविक दिवसांनी यंत्र आपोआप झोपेल. प्रोब उघडून दुसरा बसवायचा प्रयत्न केला तर बंद. खोली बघण्याची मर्यादा गोठ्यात लागेल तेवढीच.

"अरे, बिल्ला खिशात घालून नेला तर?" बरोबर शंका. नेईल कुणीतरी. कुठलंच कुलूप शंभर टक्के नसतं, आणि खोलीची मर्यादा घालून माणसाचा गर्भ दिसणारच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण पुसता न येणारं चित्र आत राहणार असेल, आणि एकाच बिल्ल्याच्या म्हशीची तीन गावांत, महिन्यात चाळीस वेळा तपासणी झालेली दिसणार असेल, तर गुन्हा करणाऱ्याला रात्री झोप लागणार नाही. आज जो धोका कागदावरच्या अर्जाने रोखायचा प्रयत्न चालतो, तो यापेक्षा जास्त चांगला रोखला जातो असं कुणी म्हणेल का? असं यंत्र तयार करून, तपासून दाखवलं, तर मग सरकारकडे जाऊन म्हणता येईल, "साहेब, सूट नको. *या* यंत्रासाठी, *या* अटींवर गोठ्याची वाट नियमात लिहा." ही मागणी आणि "आम्हाला वगळा" ही मागणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणखी एक. गाई-म्हशीच्या गर्भाचं लिंगही साधारण ५५ ते ७० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफीत ओळखता येतं. काही जण म्हणतील, हेही यंत्रात द्या. मी म्हणतो, बिलकूल नको. शेतकऱ्याला त्याचा उपयोग तरी काय? गोऱ्हा होणार असला तरी गाय व्याली तरच दूध देणार. कालवड हवी असेल तर त्यासाठी लिंगनिश्चित रेतमात्रा आहेत, त्यातून साधारण नव्वद टक्के माद्या होतात. जे आधी ठरवता येतं ते नंतर पोटात डोकावून बघायची सवय कशाला लावायची?

"रक्ताची, दुधाची तपासणी आहे की, त्यानेही गाभण कळतं" असंही काही सर सांगतील. खरं आहे. अठ्ठावीस दिवसांच्या पुढे त्या चाचण्या चांगलं उत्तर देतात, आणि जिथे यंत्र पोचत नाही तिथे त्या जरूर कराव्यात. पण त्या फक्त हो किंवा नाही सांगतात. का नाही, बीजांडकोषात काय चाललंय, गर्भाचं हृदय चालतंय का, हे बघायला डोळाच लागतो. आणि सोनोग्राफीही काही जादूची कांडी नाही. तिसाव्या दिवशी दिसलेला गर्भ पुढे जिरू शकतो, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा बघावंच लागतं. यंत्राने "रिकामी" सांगितलं आणि पुढच्या माजाकडे कुणी लक्षच दिलं नाही, तर सगळं मुसळ केरात!

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून कुणी उत्साहाने ऑनलाइन एखादा स्वस्त प्रोब मागवू नका. वर सांगितलं ना, नोंदणीशिवाय ते यंत्र घेणं-विकणं कायद्यात बसत नाही. प्रोजेक्टची चौकट आपणच कायद्यात ठेवू. कुलूप आणि नोंदीचा भाग, म्हणजे बारकोड, खूण पटवणं, न पुसता येणारी नोंद, याला सोनोग्राफी यंत्र लागतच नाही. तो कॉम्प्युटर आणि ईअँडटीसीच्या पोरांनी आजच्या आज सुरू करावा. सिग्नलचा भाग मेकॅनिकलच्या लॅबमधल्या धातू तपासायच्या यंत्रावर शिकता येतो. टॉम ब्राऊननेही तिथूनच सुरुवात केली होती! आगर किंवा जिलेटिनचा गोळा करून त्यात पाण्याचा छोटा फुगा ठेवला की नकली गर्भाशय तयार. खऱ्या जनावरावरचं काम मात्र पशुवैद्यकीय महाविद्यालयात, तिथल्या डॉक्टरांच्या हाताने, त्यांच्या नोंदणीकृत यंत्रावर आणि परवानगीनेच. त्यासाठी आपल्या एखाद्या विभागप्रमुख सरांनी किंवा मॅडमनी एक पत्र लिहावं लागेल. स्टाफरूममध्येही हे मॅगझिन जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गोठ्यात काम करणारं यंत्र कसं हवं, हेही आपल्याला मेट्रोतल्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. उन्हात पडदा दिसला पाहिजे. लाइट गेली तरी चार-पाच तास चाललं पाहिजे. शेणाने माखलं तर बादलीभर पाण्याने धुता आलं पाहिजे. म्हशीने लाथ मारली तर केबल तुटून चालणार नाही. मराठीत बोललं तर फारच छान. या अटी कुठल्या परदेशी पुस्तकात मिळणार नाहीत, त्या आपल्या घरी मिळतात.

दरवर्षी आपल्याकडे प्रोजेक्टच्या नावाखाली तीच लाइन फॉलोअर गाडी, तोच अटेंडन्सचा अॅप, तेच स्मार्ट डस्टबिन फिरत असतं. वायवा होतो, मार्क पडतात, मॉडेल कपाटावर धूळ खातं. त्यापेक्षा एका बॅचने एक कुलूप करावं, पुढच्या बॅचने त्यातल्या फटी शोधाव्यात, तिसऱ्या बॅचने त्या बुजवाव्यात. चार-पाच वर्षांत काहीतरी उभं राहील. राहिलं नाही, तरी निदान सोनोग्राफीचा विषय निघाल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गोठा येईल, आणि गोठ्याचा विषय निघाल्यावर ती भिंतीवरची पाटीही येईल. दोन्ही एकदमच यायला हवेत, त्यातलं एक विसरलं की घोटाळा.

ज्यांना पटलं त्यांनी या सुट्टीत घरी गेल्यावर एवढंच करावं. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराची भरवल्याची तारीख, माजाची तारीख आणि तपासणीची तारीख एका वहीत लिहावी. किती दिवस रिकामे गेले ते मोजावं आणि वही परत येताना घेऊन यावी. कुठल्याही यंत्राची सुरुवात मोजण्यापासूनच होते. ज्यांना पटलं नाही, त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं. भांडायला मी तयार आहे!